पन्हळीची धार

आमच्या किल्लारीकडं शेतकऱ्याच्या घरात धारेची हत्यारं ठरलेली. विळा, खुरपं, कुऱ्हाड, कोयता आणि चुलीपुढची विळी. यातल्या प्रत्येकाची धार निराळी. कुऱ्हाडीचं पातं पोटात फुगीर, कारण तिला लाकूड फाकवायचं असतं. खुरप्याची धार जाड, कारण त्याची गाठ ढेकळाशी अन् खड्याशी. सगळ्यात पातळ धार गावात एकाकडंच असायची, ती वारकाच्या वस्तऱ्याला. वस्तरा आडवा धरून टोकाकडून बघितला की कळायचं, पाठ जाड आणि दोन्ही अंगं पन्हळीसारखी खोलगट. दगडावर घासताना पाठ अन् धार दोन्ही एकदम टेकायच्या. त्यामुळं हात कुणाचाही असो, कोन हालत नसे.

असले वस्तरे इंग्लंडातल्या शेफिल्डात आणि जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये बनत. तिथं दगडी चाकं गरगर फिरवून त्यांवर पाती घासत. चाकाची गोलाई पात्यात उतरते, म्हणून पन्हळ पडते. चाक जेवढं लहान तेवढी पन्हळ खोल. पण त्या दगडाची धूळ कामगारांच्या छातीत बसायची. कोरड्या चाकावर घासणारे बरेच जण चाळिशीच्या आतच जायचे. आपल्या गालावरून फिरणाऱ्या गुळगुळीत पात्यामागं एवढी माणसं खर्ची पडलेली, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं.

आमच्या गावची धार मात्र चाकावरची नव्हती, विस्तवातली होती. मी लहान असताना आमचा जिल्हा उस्मानाबाद होता, लातूर 1982 साली वेगळा झाला. लोहारदादांचा भाता मारायला आम्ही पोरं हौसेनं बसायचो. लोखंड लाल करायचं, घणानं पातळ करायचं, पाणी पाजायचं आणि शेवटी कानशीनं धार काढायची. बदल्यात सुगीला खळ्यावरची ज्वारी. पेरणीच्या आधी घिसाडीही पाल टाकायचे. त्यांच्या बायका घण उचलायच्या तेव्हा बघणाऱ्याची छाती दडपायची. पुढं सायकलवर चाक बसवून धार लावणारे यायला लागले. पायडल मारलं की पट्ट्यावर लहानसं चाक फिरायचं अन् ठिणग्या उडायच्या. यंत्राची धार आमच्या गल्लीत आली ती अशी, सायकलवरनं.

मग 30 सप्टेंबर 1993 उजाडायचा होता. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हालली आणि दगडमातीच्या रुंद भिंती माणसांवर आल्या. आमच्या भागात हजारो माणसं गेली. त्यात लोहारदादा गेले. त्यांची ऐरण ढिगाऱ्यातून निघाली, भाता फाटून मातीत मिसळला. 52 गावं नव्या जागेवर बसली, तसं आमचंही बसलं. पत्र्याची शेड झाली, पुढं पक्की घरं झाली, पण नव्या गावात भट्टी काही पेटली नाही. दादांचं लेकरू तेव्हा सहा वर्षांचं. बापाच्या हाताखाली बसायचं त्याचं वय व्हायच्या आधीच बाप गेला.

तो पोरगा पुण्याकडं एका कारखान्यात घासाईचं काम शिकला आणि काही वर्षांमागं परत आला. वेल्डिंगचं दुकान टाकलं अन् पट्ट्याचं घासयंत्र स्वतःच जोडलं. मोटार, वर 10 इंची रबरी चाक आणि त्यावरून पळणारा खरखरीत दाण्यांचा पट्टा, 2 इंच रुंद, 72 इंच लांब. साठी गाठल्यावर मी त्याच्याकडं शिकायला बसलो.

"तात्या, दाबू नका. चाकाला त्याचं काम करू द्या," हा त्याचा पहिला धडा. कोपरं बरगडीला चिकटवायची, हलवायची ती कंबर. पातं डावीकडून उजवीकडं एका चालीत ओढायचं, मधे थांबायचं नाही. थांबलं की तिथं खड्डा. आधी धारेच्या कडेला मधोमध रेघ मारायची आणि दोन्ही अंगांनी आळीपाळीनं घासत रेघेपर्यंत यायचं. हिशेबही त्यानं समजावला. 10 इंची चाकावर 1 इंच उंचीची पन्हळ काढली तर मधली खोली जेमतेम 0.6 मिलीमीटर. तीच 6 इंची चाकावर 1 मिलीमीटरच्या वर जाते.

हातमोजे घालायचे नाहीत. बोटाला चटका जाणवला की पातं पाण्यात. पात्यावर निळा रंग चढला की पाजलेलं पाणी उतरलं म्हणून समजावं.

इथं मात्र त्याला माझ्याकडं यावं लागलं. भाता मारताना दादा मला रंग दाखवायचे. पाणी पाजल्यावर पातं परत हळूहळू तापवायचं, आधी कडब्यासारखा पिवळा येतो, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. चिरायच्या पात्याला पिवळ्यावर थांबायचं, मार खाणाऱ्या हत्याराला जांभळ्याच्या पुढं न्यायचं. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पातं तापवून मी ते त्याला दाखवलं. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "दादा असंच करायचे का?" मी म्हणलं, "असंच."

पन्हळीची धार सगळ्याला चालत नाही, हेही सांगितलं पाहिजे. कुऱ्हाडीला काढली तर पहिल्याच घावात तुकडा उडेल. विळीला, सोलायच्या सुरीला ती उत्तम. सोयाबीनच्या विळ्याला आम्ही हलकी, मोठ्या चाकाची पन्हळ देतो. धारेमागं लोखंड पातळ असल्यानं बांधावर दगडाचे चार हात मारले की विळा परत लागतो. काढणीला येणाऱ्या बायांचं मनगट संध्याकाळी दुखत नाही, असं त्या सांगतात. काढणीचं यंत्र आमच्या रानातही आलंय, पण पावसानं चिखल झाला की ते बांधावरच उभं राहतं. मग विळाच लागतो.

दुकानात एक नियम मी घालून दिलाय. नाकातोंडाला जाड मास्क बांधल्याशिवाय अन् चाकाखाली पाण्याची बादली ठेवल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पोरगा कधी कंटाळतो, मी ऐकत नाही. या गावानं एक लोहार एका रात्रीत घालवलाय, दुसरा धुळीत घालवायचा नाही.