माझदा
माझदा : जपानमधील एक मोटारगाडी उत्पादक कंपनी व तिच्या गाड्यांची व्यापारमुद्रा. कंपनीचे मुख्यालय हीरोशीमा शहराला लागून असलेल्या फूचू या नगरात आहे. टोयोटा, होंडा, निस्सान यांच्या तुलनेने ही कंपनी लहान आहे. तथापि वांकेल पद्धतीचे घूर्णी (रोटरी) एंजिन मोठ्या प्रमाणावर तयार करून ते दीर्घकाळ बाजारात टिकविण्याचे श्रेय तिच्याकडेच जाते. या एंजिनाने कंपनीला जगभर नाव मिळवून दिले आणि त्यानेच तिला १९७० नंतरच्या दशकात दिवाळखोरीच्या काठावर आणले. या प्रयोगाच्या खर्चाचा काही भार तिच्या गाड्या विकत घेणाऱ्यांनाही सोसावा लागला. त्यामुळे माझदाचा इतिहास तिच्या ग्राहकांच्या अनुभवांना वगळून सांगता येत नाही.

स्थापना व नाव : ३० जानेवारी १९२० रोजी हीरोशीमा येथे ‘टोयो कॉर्क कोग्यो’ ही बुचाच्या वस्तू तयार करणारी कंपनी स्थापन झाली. १९२१ मध्ये तिची सूत्रे जूजिरो मात्सुदा (१८७५–१९५२) यांच्याकडे आली. मच्छीमाराच्या घरात जन्मलेले मात्सुदा लोहारकाम शिकून पुढे पंपांचे संशोधक व कारखानदार झाले होते. पहिल्या महायुद्धानंतर बुचाच्या धंद्याला उतरती कळा लागल्याने त्यांनी कंपनीला यंत्रनिर्मितीकडे वळविले. १९२७ मध्ये नावातील ‘कॉर्क’ हा शब्द गाळण्यात आला व ‘टोयो कोग्यो’ हे नाव रूढ झाले. १९३१ मध्ये कंपनीने ‘माझदा-गो’ ही मालवाहू तीनचाकी बाजारात आणली. तिच्या नावात संस्थापकाच्या आडनावाचा ध्वनी आहे. शिवाय जरथुश्त्री धर्मातील अहुर मज्द या प्रज्ञा व प्रकाश यांच्या देवतेचेही ते नाव आहे. मुंबई व गुजरातमधील पारशी समाज ज्याची उपासना करतो, त्याच देवतेचे नाव अशा प्रकारे एका जपानी तीनचाकीवर आले. ‘माझदा मोटर कॉर्पोरेशन’ हे कंपनीचे अधिकृत नाव मात्र १९८४ मध्येच झाले.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्यात सैन्यासाठी रायफली तयार होत. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हीरोशीमावर अणुबाँब टाकण्यात आला, त्या दिवशी मात्सुदा यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली होती. शहर व कारखाना यांच्यामध्ये असलेल्या हिजियामा या लहानशा टेकडीने स्फोटाचा बराच आघात अडविला, त्यामुळे कारखान्याच्या इमारती उभ्या राहिल्या. कंपनीचे अनेक कामगार मात्र शहरात मृत्युमुखी पडले. उद्‌ध्वस्त झालेल्या शहरात सरकारी कचेऱ्यांना जागा उरली नसल्याने प्रांतिक शासनाचे कामकाज काही काळ याच कारखान्याच्या आवारातून चालले. डिसेंबर १९४५ मध्ये तीनचाकींचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. शहराच्या पुनर्रचनेत माल वाहून नेण्यासाठी या गाड्यांना मोठी मागणी होती. हीरोशीमाचे नागरिक आणि ही कंपनी यांच्यातील निकटचे नाते याच काळात दृढ झाले.

घूर्णी एंजिनाचा स्वीकार : १९६० मध्ये ‘आर ३६०’ ही ३५६ घ. सेंमी. एंजिनाची छोटी मोटारगाडी काढून कंपनीने प्रवासी गाड्यांच्या क्षेत्रात पदार्पण केले. याच सुमारास जपानी शासनाच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने देशातील मोटार कंपन्यांचे मोजक्या गटांत एकत्रीकरण करण्याचा विचार मांडला. उशिरा आलेल्या लहान कंपनीला मोठ्या कंपनीत विलीन व्हावे लागेल, अशी भीती निर्माण झाली. आपले स्वतंत्र अस्तित्व टिकवावयाचे, तर इतरांजवळ नसलेले तंत्रज्ञान हवे, या जाणिवेने संस्थापकांचे पुत्र व तत्कालीन अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी पश्चिम जर्मनीतील ‘एनएसयू’ या कंपनीशी करार केला आणि १९६१ मध्ये फेलिक्स वांकेल (१९०२–८८) यांच्या एंजिनाचे परवाने मिळविले.

नेहमीच्या एंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये वर-खाली होतो व त्याच्या गतीचे चक्रगतीत रूपांतर करावे लागते [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. वांकेल एंजिनात मध्यभागी किंचित आवळलेल्या लंबगोल कोठीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी घूर्णक फिरतो. त्याच्या तीन बाजूंना मिश्रण ओढणे, दाबणे, जाळणे व बाहेर टाकणे या क्रिया क्रमाने चालू राहतात. झडपा नसल्याने भाग थोडे लागतात, एंजिन लहान व हलके होते आणि हादरे जवळजवळ जाणवत नाहीत. घूर्णकाच्या तिन्ही टोकांवर बसविलेल्या अरुंद पट्ट्या कोठीच्या भिंतीला सतत चिकटून सरकाव्या लागतात, हा त्यातील कठीण भाग होय. जर्मनीहून आणलेल्या नमुन्यात या पट्ट्या थरथरत व भिंतीवर लाटांसारखे ओरखडे पडून एंजिन लवकर निकामी होई. अभियंते या ओरखड्यांना ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ म्हणत. केनिची यामामोटो यांच्या हाताखालील सत्तेचाळीस अभियंत्यांनी हा प्रश्न हाती घेतला. धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंची कथा जपानमध्ये सर्वतोमुखी असल्याने त्यांनाही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. ॲल्युमिनियममिश्रित कार्बनच्या पट्ट्या वापरून त्यांनी थरथर आटोक्यात आणली आणि मे १९६७ मध्ये दोन घूर्णकांची ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही गाडी विक्रीस आली. १९७२ पर्यंत अशा केवळ १,१७६ गाड्या तयार झाल्या.

त्याच वर्षी खुद्द एनएसयू कंपनीने आपली ‘आरओ ८०’ ही गाडी काढली. तिच्या रचनेची सर्वत्र वाखाणणी झाली, परंतु पट्ट्या लवकर झिजल्याने कंपनीला असंख्य एंजिने हमीखाली बदलून द्यावी लागली. रस्त्यात भेटणारे आरओ ८० चे मालक बोटे उंचावून आपली किती एंजिने बदलली ते एकमेकांना दाखवीत, असे सांगितले जाते. या खर्चाने खचलेली एनएसयू १९६९ मध्ये फोक्सवॅगन समूहात विलीन झाली. परवाने घेणाऱ्या इतर बहुतेक कंपन्यांनी हे एंजिन बाजारात आणण्याचा विचार पुढे सोडून दिला.

तेलसंकट व ग्राहक : माझदाने १९७० मध्ये अमेरिकेच्या बाजारपेठेत प्रवेश केला. तेथे ‘आरएक्स-२’ व ‘आरएक्स-३’ या गाड्यांचे प्रथम उत्साहाने स्वागत झाले. लहान गाडीच्या मानाने मिळणारा जोम, एंजिनाचा गुळगुळीत स्वर आणि चढत्या वेगातही न जाणवणारे हादरे यांमुळे या गाड्या घेणाऱ्यांना आपण काही वेगळे चालवीत आहोत असे वाटे. याच काळात अमेरिकेत हवा-प्रदूषणाचे कडक नियम येऊ घातले होते. घूर्णी एंजिनातून नायट्रोजनाची ऑक्साइडे कमी बाहेर पडतात, न जळालेले इंधन मात्र अधिक जाते. हे इंधन निष्कास मार्गातील एका तप्त कोठीत जाळण्याची योजना माझदाने केली व नियम पाळून दाखविले. परंतु ती कोठी तापलेली राहण्यासाठी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण जास्त ठेवावे लागे. हवा स्वच्छ राखण्याचे हे मोल पेट्रोलच्या रूपाने द्यावे लागत होते.

पेट्रोल स्वस्त असेतो हे कोणाला फारसे खुपले नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी पुरवठा रोखला आणि चित्र पालटले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचण्यांत या गाड्या शहरी वापरात अमेरिकन गॅलनमागे १०–११ मैल, म्हणजे लिटरमागे सु. ४.५ किमी. जातात, असे आढळले. कंपनीने चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, परंतु पेट्रोल पंपांपुढील रांगांत उभ्या असलेल्या मालकांना आकड्यांचा वाद समजावून घेण्याचे कारण नव्हते. एंजिनातील पाणी रोखणारी रबरी कडी निकामी होण्याच्या तक्रारीही वाढल्या. विक्री कोसळली व न खपलेल्या गाड्यांचे ढीग साठले. १९७५ पर्यंत कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. सुमितोमो बँकेने आपली माणसे पाठवून कारभारावर देखरेख ठेवली व कर्जाचा आधार दिला. सरसकट कामगारकपात न करता कारखान्यातील हजारो कामगार आळीपाळीने विक्रेत्यांकडे पाठविण्यात आले व त्यांनी दारोदार जाऊन गाड्या विकल्या. हीरोशीमातील असंख्य कुटुंबांची उपजीविका कंपनीवर अवलंबून असल्याने शहरानेही तिला हात दिला. १९७७ मध्ये मात्सुदा घराण्याकडील अध्यक्षपद संपुष्टात आले आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने सु. एक चतुर्थांश भाग विकत घेतले.

या संकटात घूर्णी एंजिन सोडून देणे सोपे होते. कंपनीने बहुतेक गाड्यांसाठी दट्ट्यांच्या एंजिनाचा आधार घेतला, पण ज्यांनी घूर्णी एंजिनावर विश्वास ठेवून गाड्या घेतल्या त्यांना वाऱ्यावर सोडता येणार नाही, अशी भूमिका यामामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. इंधनाचा खप ४० टक्क्यांनी सुधारण्याची ‘फिनिक्स’ योजना १९७४ मध्ये हाती घेण्यात आली. कार्बनच्या पट्ट्यांऐवजी धातूच्या पट्ट्या आल्या. या सुधारणांसह १९७८ मध्ये निघालेली ‘आरएक्स-७’ ही तुलनेने स्वस्त अशी वेगवान गाडी यशस्वी ठरली. २००२ पर्यंत तिच्या तीन पिढ्यांच्या मिळून आठ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९९१ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत चार घूर्णकांच्या ‘७८७ बी’ या गाडीने पहिला क्रमांक मिळविला. ही शर्यत जिंकणारी माझदा ही पहिली जपानी कंपनी होय.

मालकांचे अनुभव : घूर्णी एंजिनाची गाडी बाळगणाऱ्याला काही सवयी लावून घ्याव्या लागतात. टोकांच्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून थोडे तेल मुद्दामच ज्वलनकोठीत सोडलेले असते. त्यामुळे तेल कमी होणे हा येथे बिघाड नसून रचनेचाच भाग आहे, आणि पेट्रोल भरताना तेलाची पातळीही पाहावी लागते. थंड एंजिन सुरू करून गाडी जेमतेम काही हात सरकवून लगेच बंद केली, तर प्रज्वलन-गुडद्या पेट्रोलने भिजून एंजिन पुन्हा सुरू होत नाही. याउलट ते मधूनमधून वरच्या फेऱ्यांपर्यंत चालविणे हितावह असते. नेहमीच्या गाड्यांवर हात बसलेल्या कारागिराला हे एंजिन अपरिचित असल्याने जाणता दुरुस्तीकार मिळणे ही मालकांपुढील मोठी अडचण असे. त्यातून अनेक देशांत मालकसंघ उभे राहिले व कारखान्याबाहेरही एंजिन उलगडून पट्ट्या बदलणारे तज्ज्ञ तयार झाले. २००३ ते २०१२ या काळात तयार झालेल्या ‘आरएक्स-८’ या गाडीच्या एंजिनांबाबत तक्रारी वाढल्यावर अमेरिकेत कंपनीने एंजिनाची हमी आठ वर्षे वा एक लक्ष मैलांपर्यंत वाढविली.

दट्ट्यांच्या एंजिनाच्या गाड्या घेणाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. १९८९ मध्ये निघालेली ‘एमएक्स-५’ ही दोन आसनी उघडी गाडी साध्या यंत्रणेमुळे व सुलभ दुरुस्तीमुळे सर्वसामान्य उत्पन्नाच्या हौशी माणसाला परवडणारी ठरली. जुन्या गाड्यांत पाण्याचे निचरामार्ग तुंबून दाराखालचा पत्रा गंजतो, ही तिच्या मालकांची नेहमीची तक्रार होय. एप्रिल २०१६ मध्ये या प्रकारची दहा लाखावी गाडी तयार झाली. पहिल्या पिढीच्या गाड्या मालकांनी जपून ठेवल्याचे पाहून कंपनीने जपानमध्ये त्यांचे पुनरुज्जीवन करून देण्याची व बंद झालेले काही सुटे भाग पुन्हा पुरविण्याची योजना सुरू केली.

मायदेशातील साध्या ग्राहकाला मात्र दीर्घकाळ एका वेगळ्याच प्रश्नाने ग्रासले होते. १९८९ च्या सुमारास कंपनीने जपानमध्ये पाच निरनिराळ्या विक्रीसाखळ्या उभारल्या; पुढे मंदी आल्यावर गाड्या खपविण्यासाठी भरमसाट सवलती द्याव्या लागल्या. नवी गाडीच स्वस्तात मिळत असल्याने जुनीला किंमत येईना. इतर कंपन्यांचे विक्रेते ती अत्यल्प भावात मागत. बरा भाव केवळ माझदाचाच विक्रेता देई, तोही नवी माझदा घेतल्यास. एकदा शिरल्यावर बाहेर पडता न येणाऱ्या या चक्राला जपानी लोक ‘माझदा-नरक’ म्हणू लागले. १९९६ मध्ये फोर्डचा हिस्सा ३३.४ टक्के झाला व हेन्री वॉलेस हे अध्यक्ष झाले. जपानी मोटार कंपनीचे प्रमुखपद परकीयाकडे जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. २००८ पासून फोर्डने आपले भाग विकण्यास प्रारंभ केला आणि २०१५ पर्यंत हा संबंध संपला. स्वबळावर उभे राहताना कंपनीने २०१२ पासून नव्या एंजिनांच्या गाड्या आणल्या व सवलती कमी करून जुन्या गाड्यांची किंमत टिकविण्याचे धोरण स्वीकारले. २०१७ मध्ये टोयोटाशी भांडवली सहकार्याचा करार झाला.

भारतातील संबंध : माझदाच्या मोटारगाड्या भारतात तयार झाल्या नाहीत, तथापि हे नाव येथील रस्त्यांवर परिचित होते. पंजाबमध्ये १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने माझदाच्या तांत्रिक सहकार्याने ‘स्वराज माझदा’ या नावाचे हलके मालट्रक व लहान बसगाड्या तयार केल्या. पुढे माझदा या उद्योगातून बाहेर पडली आणि २०११ मध्ये कंपनीच्या नावातील ‘माझदा’ हा शब्दही गेला.

आरएक्स-८ चे उत्पादन २०१२ मध्ये थांबल्याने घूर्णी एंजिनाच्या गाड्या बंद झाल्या. २०२३ मध्ये ८३० घ. सेंमी.चे एका घूर्णकाचे एंजिन ‘एमएक्स-३०’ या विजेवर चालणाऱ्या गाडीत पुन्हा आले. मात्र ते चाके फिरवीत नाही, विद्युत्‌घटमालेसाठी वीज निर्माण करते. ठराविक वेगाने फिरणाऱ्या या कामात त्याचा लहान आकार व कंपनरहितता उपयोगी पडते आणि पेट्रोलचा जादा खप हा दोष काही अंशी सौम्य होतो. कॉस्मोपासून तयार झालेल्या सु. वीस लक्ष घूर्णी एंजिनांच्या गाड्यांपैकी ज्या आजही चालू आहेत, त्या मुख्यतः मालकांनी स्वतः पदरमोड करून व एकमेकांच्या साहाय्याने राखलेल्या आहेत.