दगड न लावलेला रस्ता

एसटीत कंडक्टर होतो तेव्हा हातखंब्याच्या तिठ्यावर गाडी थांबली की उतारूंचं भाडं मी तक्ता न बघता सांगायचो. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, आणि निम्म्या टप्प्यात उतरलात तरी भाडं अख्ख्याचं. त्यावरून रोज कुणी ना कुणी हुज्जत घालायचंच.

पुतण्या न्यूयॉर्कला गेल्यापासून शेजारच्या काकी विचारतात, "रे, लांब किती ता?" मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटर, असं सांगितलं तर त्यांचा पुढचा प्रश्न तयार: "मोजल्यान कोणी? दगड खंय लावलेत?"

प्रश्न रास्त आहे. विमानाची वाट कुणी टेप धरून मोजत नाही. आधी पृथ्वीच मोजून ठेवलेली असते. आपल्याकडे ते काम विल्यम लॅम्बटनने १८०२च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सुरू केलं. साडेसात मैलांची एक सरळ रेघ साखळीने मोजायला त्याला ५७ दिवस लागले. मग त्या रेघेवर त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणी वाढवत नेली. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने १८३०मध्ये त्या मोजणीवरून पृथ्वीचा आकार आकड्यांत बसवला. आज विमानांचा हिशेब उपग्रहांनी ठरवलेल्या आकारावर चालतो, पण रीत तीच. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या मध्याशी त्यांच्यात किती कोन होतो ते काढायचं. मुंबई-न्यूयॉर्कचा कोन सुमारे ११३ अंश. एका अंशाला ६० सागरी मैल, म्हणजे ६,७८० मैल. सागरी मैल १,८५२ मीटरचा, हे १९२९ साली मोनॅकोत ठरलं. करा गुणाकार.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवाल तर वाट अरबस्तान, मोरोक्कोवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणलात तर तोच दोरा फिनलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी जातो, आणि तीच वाट जवळची. मला हे पटायला वेळ लागला. मुंबई-रत्नागिरीचं तसं नाही. मिरजोळ्याच्या धावपट्टीपासून मुंबई सरळ रेषेत २३५ किलोमीटरच्या आसपास, रस्त्याने मात्र साडेतीनशेच्या घरात; तिथे वाकडेपणा सगळा घाटांचा.

विमानंही सरळ जातातच असं नाही. १ जून १९४८ला पुणे-नगर ही पहिली एसटी सुटली आणि आठवड्याने, ८ जूनला, एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, व्हाया कैरो, जिनिव्हा. सरळ अंतर ७,२०० किलोमीटर, व्हायाने पावणेआठ हजारांच्या पुढे. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांचा फेरा असाच वाढला.

अंतर इतकं काटेकोर मोजूनही विमानाचं भाडं अंतरावर नसतंच. शेजारशेजारच्या दोन सीटला दोन भाव! एसटीत मी अशी दोन तिकिटं फाडली असती, तर चेकरने गाडीतून उतरायच्या आत माझा रिपोर्ट केला असता.