समुद्र नसलेल्या मुलखाची सागरी वाट : तगर, तेर आणि बीड

१/ बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही २००० वर्षांपूर्वीच्या सागरी व्यापाराचा विषय निघाला की या जिल्ह्याचे नाव घ्यावेच लागते. त्याचे कारण एका ग्रीक ग्रंथातील दोन-तीन वाक्यांत आहे आणि त्याचा पुरावा शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावच्या वस्तुसंग्रहालयात.

२/ ग्रंथाचे नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमन अमलाखालील इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तो लिहिला. कोणत्या बंदरात काय विकले जाते, काय मिळते, वारे केव्हा अनुकूल असतात, याची ही व्यवहारी टिपणवही आहे. त्यातले एक मोठे बंदर म्हणजे बारिगाझा, अर्थात नर्मदेच्या मुखावरचे भृगुकच्छ, आजचे भरूच.

३/ लेखक सांगतो : बारिगाझाच्या दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. पैठणहून मौल्यवान दगड येतो, तर तगरहून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि किनारपट्टीच्या भागातून तिथे जमा होणारा इतर माल. हे सारे गाड्यांत भरून, नीट रस्ता नसलेल्या दुर्गम प्रदेशातून बंदरावर आणले जाते.

४/ पैठण सर्वांना ठाऊक होते. तगर मात्र हरवले होते. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, म्हणजे नाव मध्ययुगातही जिवंत होते. पण हे नगर नेमके कोठे होते, यावर १९व्या शतकातील अभ्यासकांचे एकमत होईना. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर.

५/ येथे बीडचा प्रवेश होतो. मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक ग्रँट डफ याने तगर हे बीडच्या ईशान्येस, गोदावरीकाठी असावे असे मानले. पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरचे नाव सुचवले. म्हणजे दोन मोठ्या अभ्यासकांनी हे नगर आजच्या बीडच्या परिसरात शोधले होते.

६/ इ. स. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे समीकरण मांडले आणि ते मान्य झाले. नावाचे रूपांतर सरळ होते : ‘तगर’मधला ‘ग’ प्राकृतात झिजला आणि ‘तेर’ उरले. अंतरही जुळते. भरूच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर; २० दिवसांत दिवसाला सुमारे १७. पैठण ते तेर सुमारे १५०. १० दिवसांत दिवसाला १५. बैलगाडीची चाल दोन्हीकडे जवळजवळ सारखीच निघते. धारूर धरले तर ती दिवसाला १०-११ किलोमीटरवर येते.

७/ दिशा मात्र पूर्णपणे जुळत नाही. तेर पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. बंदरात बसून माहिती गोळा करणाऱ्या परक्या व्यापाऱ्याकडून एवढी चूक होणे स्वाभाविक आहे. वाट किती दिवसांची, हे गाडीवान नेमके सांगतो. दिशा तो ढोबळ सांगतो.

८/ पण शब्दांच्या जुळणीने नगर सिद्ध होत नाही. जमिनीने साक्ष द्यावी लागते. तेरमध्ये ही साक्ष आधी जपली ती रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने. तेरणेकाठच्या पांढरीच्या टेकाडांतून वर येणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. त्याच संग्रहातून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव आहे.

९/ या संग्रहालयात काय पाहावे? रोमन नाण्यांची नक्कल करून घडवलेली, दोऱ्यात ओवता येणारी मातीची पदके. रोमन धाटणीचे दिवे. केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती. रंगीत दगडांचे मणी. आणि शंखाच्या बांगड्या! शंख समुद्रातला, तेरणेत तो सापडत नाही. माल केवळ बंदराकडे जात नव्हता, बंदराकडून येतही होता, हे ती बांगडी सांगते.

१०/ तेरची सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इ. स. १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, तेव्हा ती मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचलेली असणार. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही याच कुळातील मूर्ती मिळाली. पाँपेईची मूर्ती तेरहूनच गेली असे म्हणता येत नाही. पण दख्खनचे कारागीर आणि भूमध्य समुद्राकाठचे घर एकाच व्यापारजाळ्यात होते, हे नक्की.

११/ आता नकाशा उघडून पैठण आणि तेर यांमध्ये रेघ ओढावी. ती गोदावरी ओलांडते, गेवराईच्या मुलखातून उतरते, बीड शहराच्या अगदी जवळून जाते आणि बालाघाटाची चढण चढते. ‘पेरिप्लस’मध्ये वाटेतल्या एकाही मुक्कामाचे नाव नाही. पण १० दिवसांच्या वाटेला मुक्काम लागतात. बैलांना पाणी, गाड्यांना सुतार आणि माणसांना भाकरी लागते. बीड तगर ठरले नाही, पण तगरची वाट त्याला टाळून जाणे अवघड होते.

१२/ हे मुक्काम शोधायचे ते पांढरीत. गावालगतच्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला मराठवाड्यात पांढरी म्हणतात. तिथली माती घरे लिंपायला नेली जाते, टेकाड सपाट करून शेत केले जाते आणि त्याबरोबर खापरे, मणी, बांगड्यांचे तुकडे निघून जातात. तेरमध्ये ते वेचणारा एक माणूस होता. जिथे असा माणूस नव्हता, तिथला इतिहास भिंतींच्या गिलाव्यात गेला.

१३/ म्हणून पांढरीत काही दिसले तर ते खणू नये, घासूनपुसून लख्ख करू नये, विकू तर नयेच. जागेची नोंद करावी, छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. मौल्यवान निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्टनुसार बंधनकारक आहे. जागेवेगळा मणी हा केवळ दागिना असतो. जागेसह नोंदलेला मणी त्या वाटेवरचा एक मुक्काम असू शकतो.

१४/ तेर हे संत गोरोबा कुंभारांचेही गाव. तिथे दर्शनाला जाणाऱ्यांनी घटकाभर वेळ काढून संग्रहालयातही डोकवावे. ज्या मातीत गोरोबांनी मडकी घडवली, त्याच मातीने त्यांच्याही आधीच्या हजार-बाराशे वर्षांचे जग सांभाळून ठेवले होते.