रोवणीनंतरचे दुखणे

धानोऱ्याकडे रोवणी सुरू झाली की नवख्या मुली पहिल्या दिवशी हसतखेळत घरी येतात. मांड्या आणि कंबर धरते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. का, असे वर्गात विचारले तर उत्तर तयार असते: लॅक्टिक आम्ल साचले! (आम्हीही वर्षानुवर्षे हेच शिकवले.) पण ते आम्ल काम थांबल्यावर साधारण तासाभरात ओसरते. अमेरिकेतील थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच सुचवले होते, की हे उशिराचे दुखणे स्नायूंतील सूक्ष्म फाटण्यामुळे असावे. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तशा खुणा दिसल्याही.

दुखऱ्या जागी ठोके देणारे यंत्र त्याहूनही जुने. लंडनचे डॉ. जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यांनी १८८०च्या सुमारास विजेवर चालणारा ठोके-यंत्राचा नमुना केला. ठोक्यांनी मज्जातंतूंची बिघडलेली लय पूर्ववत होते, ही त्यांची कल्पना. कल्पना मागे पडली, यंत्र राहिले. आजचे हातात मावते, बॅटरीवर सेकंदाला तीस-चाळीस ठोके देते. त्याने आखडलेपण काही वेळ कमी वाटते. फाटलेले तंतू मात्र आपल्याच गतीने भरून येतात. हाडावर किंवा सुजेवर ते लावू नये.

त्याच मुली पंधरा दिवसांनी पुन्हा बांधीत उतरल्या, तर दुखणे बरेच कमी असते.