गाडीची जबाबदारी हॉटेलची, माणसाची कुणाची?

हॉटेलात एखाद्या स्त्रीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, 'ती तिथे गेलीच कशाला?' दुसरे जरा सभ्य, शिकल्यासवरल्या माणसांचे: 'ज्याने गुन्हा केला त्याला फासावर द्या, पण यात हॉटेलवाल्याचा काय दोष? त्याने आधार कार्ड पाहिले, खोली दिली. बंद दाराआड काय चालले आहे ते त्याला कसे कळणार?' पहिल्या वाक्याचा समाचार पुष्कळांनी घेतला आहे. दुसऱ्याच्या वाटेला फारसे कोणी जात नाही, कारण ते वाजवी वाटते. वकीलमंडळीही त्यावर मान डोलावतात. माझे म्हणणे असे की हे वाक्य आपल्याच कायद्याला धरून नाही. आणि ते खरे धरून चालल्यामुळे पीडित स्त्रिया आपल्या हातातले निम्मे उपाय वापरतच नाहीत.

उदाहरणाला मोहाली घेऊ. पुण्या-नाशिकच्या, नागपूरच्या मुली आता तिथे सर्रास जातात. कोणी आयसर किंवा नायपरमध्ये संशोधनाला, कोणी आयटी कंपनीच्या प्रोजेक्टवर, कोणी नुसती मुलाखतीला. गाव पंजाबचे, कागदोपत्री साहिबजादा अजितसिंग नगर. पण एक रस्ता ओलांडला की केंद्रशासित चंदीगड, म्हणजे पोलीस वेगळे, प्रशासन वेगळे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मोहालीत राहणाऱ्या एका तरुणीवर चंदीगडच्या सेक्टर ५३ मध्ये रिक्षाचालकाने आणि त्याच्या दोन साथीदारांनी सामूहिक बलात्कार केला. आधीच तीन पुरुष बसलेल्या रिक्षात तिने बसायला नको होते, अशा अर्थाचे विधान तेव्हाच्या खासदार किरण खेर यांनी केले, त्यावर गदारोळ झाला, मग खुलासाही आला. पुढच्या वर्षी तिघांना जन्मठेप झाली. खेरबाईंना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रवास करणाऱ्या बाईने सावध राहावे, प्रवासावर आणि मुक्कामावर पैसे कमावणाऱ्यांनी मात्र निर्धास्त असावे, ही आपली सार्वत्रिक समजूत आहे.

गंमत म्हणजे मोहालीसारख्या पंजाबातल्या शहरात हॉटेलांच्या नोंदणीसाठी आजही जो कायदा वापरतात, तो आहे १८६७ चा सराई कायदा. उठाव होऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती. सरकारला मुक्कामाला कोण येते-जाते यावर नजर हवी होती, म्हणून हा कायदा आला. तरीही त्यात सराईवाल्याची कर्तव्ये सांगताना भिंती, कुंपण, दरवाजे दुरुस्त ठेवायला सांगितले आहे. उतरलेल्या माणसांच्या, जनावरांच्या आणि वाहनांच्या रक्षणासाठी मॅजिस्ट्रेट सांगेल तितके पहारेकरी नेमायलाही सांगितले आहे. मोडल्यास दंड वीस रुपयांपर्यंत! दंडाच्या आकड्याला हसू येते, पण मुद्दा पाहा. 'खोली दिली, संपले' ही भूमिका राणीच्या राज्यातल्या सराईवाल्यालाही घेता येत नव्हती.

आता पूर्वपक्ष त्याच्या सगळ्यात मजबूत रूपात मांडतो. नोकराने केलेल्या कृत्याला मालक जबाबदार असतो, पण ते कृत्य नोकरीच्या ओघात झालेले असेल तरच. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी या खटल्यात हेच धरले. खातेदाराने ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याकडे विश्वासाने पैसे दिले, त्याने ते लाटले. न्यायालय म्हणाले, हा त्याचा खासगी उद्योग, बँक जबाबदार नाही. मग बलात्कार हे कोणत्या वेटरच्या किंवा रूमबॉयच्या कामाचा भाग असतो? आणि गुन्हेगार बाहेरचा असेल तर हॉटेलचा संबंध आणखीच तुटतो.

या युक्तिवादाला उत्तर हावडा स्टेशनवर मिळाले आहे, तेही पंचवीस वर्षांपूर्वी. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक बांगलादेशी महिला अजमेरला जायला हावड्यात उतरली. तिकीट प्रतीक्षायादीत होते. ते पक्के करून देतो म्हणून काही माणसांनी तिचा विश्वास मिळवला, आणि रेल्वेच्याच यात्री निवासातल्या एका खोलीत तिला नेले. खोली रेल्वेच्या कार्ड-पासवर घेतलेली होती. तिथे तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. आरोपींत रेल्वेचे कर्मचारी होते. चंद्रिमा दास या कोलकात्याच्या वकीलबाईंनी उच्च न्यायालयात याचिका केली आणि न्यायालयाने दहा लाखांची भरपाई दिली. रेल्वे सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथला बचाव वाचला तर आजच्या चहाच्या टपरीवरचा वाटतो: हे काही व्यक्तींचे वैयक्तिक कृत्य आहे, त्यांनी ते रेल्वेचे अधिकारी म्हणून केलेले नाही, शिवाय बाई परदेशी. २८ जानेवारी २००० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. स्टेशन आणि यात्री निवास चालवणे हा रेल्वेचा व्यवसाय आहे, त्यासाठी नेमलेल्या माणसांच्या कृत्याची जबाबदारी सरकारला टाळता येणार नाही, असे म्हणत दहा लाख कायम केले. जगण्याच्या हक्कात प्रतिष्ठेने जगणे येते आणि तो हक्क परक्या देशातून आलेल्या बाईलाही आहे, हेही त्यात आले.

मुक्कामाच्या खोलीत झालेला बलात्कार आणि मुक्कामाची सोय करणाऱ्याची जबाबदारी यांवर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा इतका स्पष्ट निकाल असताना 'हॉटेलचा काय संबंध' हे वाक्य टिकावेच कसे, याचे मला आश्चर्य वाटते. कायद्याच्या वर्गात तो परदेशी नागरिकांचे हक्क या प्रकरणात शिकवतात आणि पुढे जातात, हे कदाचित कारण असावे.

यावर आक्षेप येईल की ते सरकारी निवासाचे प्रकरण होते, रिट याचिका सरकारविरुद्ध चालते. खासगी हॉटेलविरुद्ध ती चालणार नाही. बरोबर आहे. मार्ग वेगळा आहे, इतकेच त्यातून सिद्ध होते. खासगी हॉटेलबाबत २०१९ चा ताज महाल हॉटेलचा निकाल पाहा. १९९८ मध्ये दिल्लीत एका पाहुण्याने मारुती झेन गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली, गाडी चोरीला गेली. पावतीवर छापले होते की गाडी मालकाच्या जोखमीवर. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ताब्यात घेतलेली वस्तू गेली तर प्रथमदर्शनी जबाबदारी हॉटेलची. आपण पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलने सिद्ध करायचे. पावतीवरच्या छापील ओळीच्या आड लपून स्वतःचा निष्काळजीपणा झाकता येणार नाही. हा निकाल गाडीबद्दलचा आहे, तो जसाच्या तसा माणसाला लावता येणार नाही, हे मान्य. पण ज्या कायद्याने झेनसाठी हॉटेलला जाब विचारला, तो झेनमधून उतरून खोलीत झोपायला गेलेल्या बाईसाठी गप्प बसेल, हे म्हणणाऱ्याने त्याचे कारण द्यावे.

काही उत्साही वकील याच ठिकाणी दिल्लीच्या ओबेरॉयमधल्या जर्मन वैमानिकाचा खटला काढतात. पोहण्याच्या तलावातला अपघात, पंचतारांकित हॉटेलवर कडक जबाबदारी, पन्नास लाखांची भरपाई, निकाल १९९७ चा. तो निकाल पुढे अपिलात टिकला नाही. मी तो टेकू घेत नाही. त्याची गरजही नाही.

श्यामादेवी खटल्याचे उत्तर त्याच्या पोटातच आहे. तिथे प्रश्न नोकराच्या पापाचा वाटा मालकावर टाकण्याचा होता. पण हॉटेल स्वतःच्या चुकीलाही जबाबदार असते. पार्श्वभूमी न तपासता माणूस कामावर ठेवला, मास्टर की कोणाच्याही हाती दिली, आतली कडी मोडलेली खोली तशीच भाड्याने दिली, मजल्यावरचा कॅमेरा बंद असून दुरुस्त केला नाही, तर ती हॉटेलची चूक. गुन्हेगार कोण, हा प्रश्न इथे दुय्यम होतो. अमेरिकन गायिका कॉनी फ्रान्सिस यांच्यावर १९७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका मोटेलात घुसखोराने बलात्कार केला. खोलीचे काचेचे सरकते दार बंद दिसायचे, पण बाहेरून हलवले की उघडायचे. ज्यूरीने मोटेल कंपनीवर पंचवीस लाख डॉलरची भरपाई बसवली. तिथे कोणी मोटेलवर बलात्काराचा आरोप ठेवला नव्हता. दाराची कडी धड नव्हती, एवढाच आरोप होता आणि तेवढाच पुरला.

कराराचा रस्ता तर याहून सरळ आहे. २०१० मध्ये श्रीलंकेतल्या हॉटेलात गणवेशातल्या वीजकामगाराने एका ब्रिटिश पर्यटक महिलेला रिसेप्शनचा जवळचा रस्ता दाखवतो म्हणून नेले आणि बलात्कार केला. सहल कुओनी कंपनीने विकली होती. वाट दाखवणे हे वीजकामगाराचे काम नव्हे, असा बचाव झाला. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. पाहुण्याला वाट दाखवणे हा त्याच सेवेचा भाग आहे जिचे पैसे कंपनीने घेतले, तेव्हा कंपनीने करार मोडला. आपल्याकडे याच विचाराला ग्राहक कायद्यात 'सेवेतील त्रुटी' हे घर मिळाले आहे, आणि त्यातली एक तरतूद मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तक्रारदार राहते किंवा नोकरी करते त्या जिल्ह्यात करता येते. हॉटेल मोहालीचे असले तरी नाशिकच्या मुलीने नाशिकच्या जिल्हा आयोगात जावे. कोणता आयोग, हे मोजलेल्या पैशांवर ठरते. खोलीभाडे काही हजारच असते, म्हणून मागणी कितीही मोठी असली तरी जिल्हा आयोग पुरतो आणि शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची. पुरावा फार गुंतागुंतीचा आहे म्हणून आयोग कधी कधी दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवतो, हा धोका आहे. तिथे कोर्ट फी आणि वर्षे दोन्ही जातात. मात्र विधी सेवा प्राधिकरणाचा वकील कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता फुकट मिळतो.

फौजदारी बाजू बहुतेकांना ठाऊक असते, तरी मोहाली-चंदीगडच्या सीमेवर एक गोष्ट महत्त्वाची: 'हद्द आमची नाही' हे उत्तर पोलिसांना देता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्याने गुन्हा नोंदवलाच पाहिजे. रुग्णालय सरकारी असो की खासगी, उपचार मोफत आणि ताबडतोब. ती कामासाठी गेलेली असेल तर २०१३ चा कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धचा कायदा कंपनीलाही बांधतो, कारण कामानिमित्त गेलेली जागा हेही त्यात कार्यस्थळच. तीन महिन्यांत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे जावे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. हॉटेलांवर अशी जबाबदारी टाकली तर ती एकट्या बाईला खोलीच देणार नाहीत, जोडप्यांची लग्नाची प्रमाणपत्रे मागतील, 'लोकल आयडी चालणार नाही' म्हणून दारातून परत पाठवतील. हे आत्ताही होते, आणि जबाबदारी नसताना होते! पाहुण्याच्या चारित्र्याची चौकशी म्हणजे सुरक्षा, हा गोंधळ हॉटेलांनी आणि पोलिसांनी मिळून घातला आहे. कायद्याला अपेक्षित काळजी कसली असते ते एरिन अँड्र्यूज यांच्या खटल्यात दिसते. २००८ मध्ये नॅशव्हिलच्या हॉटेलात पाठलाग करणाऱ्या माणसाने या क्रीडा पत्रकार बाईंच्या शेजारची खोली मागितली, काउंटरने त्यांना न विचारता ती दिली, आणि त्याने दाराच्या भिंगातून त्यांचे चित्रण केले. २०१६ मध्ये ज्यूरीने साडेपाच कोटी डॉलर ठरवले: एक्कावन्न टक्के दोष त्या माणसाचा, एकोणपन्नास हॉटेलवाल्यांचा. बाई कोणाबरोबर उतरली होती, हे कोणी विचारले नाही. खोली क्रमांक कोणाला कळला आणि शेजारची खोली का दिली, हे विचारले.

राहता राहिला पैशाचा टोमणा. 'भरपाई घेतली, म्हणजे प्रकरण मिटवले.' राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्काराला चार ते सात लाख आणि सामूहिक बलात्काराला पाच ते दहा लाखांची तरतूद आहे. ती आरोपी दोषी ठरायची वाट पाहत नाही, अंतरिम रक्कमही मिळू शकते. हे कोणाचे दान नाही आणि आरोपीशी तडजोडही नाही. हॉटेलकडून मागितलेली भरपाई त्याहून वेगळी. ती खटल्याच्या निकालावरही अवलंबून नसते, कारण फौजदारी न्यायालयात संशयापलीकडचा पुरावा लागतो आणि ग्राहक आयोगात शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहतात. पीडितेचे नाव उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. आयोगातही नाव झाकून ठेवावे, असा अर्ज करता येतो.

हे सगळे ज्यावर उभे राहते तो पुरावा मात्र हॉटेलच्याच ताब्यात असतो, आणि सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलातल्या २०१३ च्या गाजलेल्या प्रकरणात आरोपी संपादकाची २०२१ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. राज्याने अपील केले. त्या निकालात एका मजल्यावरच्या चित्रणावरून न्यायालयाने तपास अधिकाऱ्यावर कडक ताशेरे ओढले होते. म्हणून पोलीस ठाण्यात जातानाच पीडितेने, किंवा तिच्या वतीने घरच्यांनी, हॉटेलला लेखी ईमेल करावा: अमुक तारखेचे, अमुक मजल्याचे चित्रण, किल्ली-कार्डची नोंद, त्या पाळीच्या कर्मचाऱ्यांची हजेरी आणि पाहुण्यांची नोंदवही जपून ठेवा. एक प्रत तपास अधिकाऱ्याला, एक बुकिंग ज्या ॲपवरून झाले त्या कंपनीला. चित्रण त्यानंतर पुसले गेले तर हॉटेलला ते का पुसले, याचे उत्तर नाशिकच्या आयोगात येऊन द्यावे लागेल.