खाऱ्या लोण्याची ब्रतों बिस्किटे

फ्रान्सच्या वायव्य टोकाला समुद्रात शिरलेला ब्रिटनी हा प्रांत खाऱ्या लोण्यासाठी ओळखला जातो. उर्वरित फ्रान्समध्ये लोणी बहुधा अळणी खाल्ले जाते; येथे मात्र ब्रेडपासून बिस्किटापर्यंत सर्वत्र मीठ घातलेलेच लोणी लागते. या आवडीमागे करांचा इतिहास आहे. चौदाव्या शतकापासून फ्रेंच राजांनी मिठावर 'गाबेल' नावाचा कर बसवला आणि पुढे अनेक प्रांतांत मीठ कमालीचे महागले. ब्रिटनी मात्र १५३२ मध्ये फ्रान्समध्ये विलीन झाल्यावरही या करातून मुक्त राहिला. गेरांदची मिठागरे जवळच होती. त्यामुळे टिकवण्यासाठी लोण्यात मीठ घालणे येथील शेतकऱ्याला सहज परवडे. १७९० मध्ये गाबेल रद्द झाला, पण जिभेला लागलेली सवय राहिली.

याच लोण्यातून 'साब्ले' जातीची बिस्किटे निघाली. 'साब्ले' म्हणजे वाळूसारखे, दाताखाली रवाळ फुटणारे. पातळ, वरून बलक लावून काट्याने रेघा मारलेली ती 'गालेत', आणि जाड, फुललेली ती 'पाले'. मराठी वाचकाला नानकटाई आठवेल, आणि ते साम्य वरवरचे नाही. दोन्हींत स्निग्धांश मैद्याच्या कणांवर लेप धरतो, पिठाला चिवटपणा येऊ देत नाही. फरक इतकाच की नानकटाईत तूप असते, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. बटरमध्ये सुमारे सोळा टक्के पाणी असते. म्हणूनच हे पीठ मळायचे नसते.

घरी पाले करण्यासाठी १०० ग्रॅम बटर, ८० ग्रॅम पिठीसाखर, दोन अंड्यांचे पिवळे बलक, १५० ग्रॅम मैदा आणि एक चहाचा चमचा बेकिंग पावडर पुरते. खरा प्रश्न मिठाचा. फ्रान्समध्ये 'दमी-सेल' लोण्यात अर्धा ते तीन टक्के मीठ असते. आपल्याकडील पिवळे टेबल बटरही साधारण याच मर्यादेत येते. ते वापरल्यास वेगळे मीठ घालू नये. अळणी बटर असेल तर दोन ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, मीठ घालावे. बारीक मीठ पिठात पूर्ण विरघळते. मध्येच लागणारा खारट कण हवा असेल, तर किंचित कुटलेले खडेमीठ अगदी शेवटी, चिमूटभरच मिसळावे. घरी विरजणाचे लोणी काढणाऱ्यांनी ते येथे टाळलेले बरे. त्यात ताकाचा अंश राहतो आणि बिस्किट पसरते.

बटर बोट रुतेल इतकेच मऊ असावे, वितळलेले नव्हे. ते साखरेबरोबर फेटून बलक मिसळावेत, मग बेकिंग पावडरीसह चाळलेला मैदा घालून पीठ हलक्या हाताने गोळा होईल तेवढेच एकत्र करावे. दोन बटर पेपरांमध्ये दीड सेंटिमीटर जाड लाटून फ्रिजमध्ये किमान दोन तास ठेवावे. मुंबईच्या उकाड्यात ही पायरी गाळणाऱ्याच्या हाती बिस्किटांऐवजी एक सलग पापुद्रा येतो.

थंड पिठाच्या पाच सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापून तूप लावलेल्या मफिनच्या साच्यात ठेवाव्यात. पाले भट्टीत पसरतो. कड सरळ राहते ती साच्यामुळे. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंश सेल्सियसवर पंधरा ते अठरा मिनिटे भाजावे. घरगुती ओव्हनच्या आकड्यांवर फार विसंबू नये. कडा गडद सोनेरी झाल्या की काढावे. फिकट बिस्किटात लोण्याचा खमंगपणा उतरत नाही.

बाहेर काढताच ती मऊ लागतात, म्हणून कच्ची समजून पुन्हा भाजू नयेत. साच्यातच दहा मिनिटे, नंतर जाळीवर पूर्ण निवू द्यावीत. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतात. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत संपवावीत.