दिघोरीच्या हवेत बासरी का तडकते

लाखांदूर तालुक्यातली दिघोरी हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात बांध्या तुडुंब भरतात, आणि मे महिन्यात भंडारा जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दिवाळीत गोवारी समाजाची ढाल निघते, गायगोधनाला डफाच्या जोडीला बासरी वाजते. अशा हवेत बांबूचं वाद्य वर्षानुवर्षं टिकवायचं तर आधी ते तडकतं कसं, हे समजून घ्यायला हवं.

विदर्भाच्या जंगलातला मानवेल काठीला उत्तम, पण त्याची भिंत जाड आणि पोकळी अरुंद. बासरीला पातळ भिंतीचा, लांब पेराचा बांबू लागतो, आणि तो बहुतेक आसामकडून येतो. पिलीभीतचे बासरी घडवणारे कारागीरही तोच वापरतात. म्हणजे दमट हवेत वाढलेला बांबू कोरड्या उन्हाळ्यात येऊन पडतो. बांबूचे तंतू लांबीच्या दिशेने असतात. ओलावा गेला की बांबू लांबीत जवळजवळ आकसत नाही, घेरात मात्र आकसतो. म्हणून तडा नेहमी उभा जातो.

वाजवताना ताण आणखी वाढतो. श्वासातली वाफ नळीच्या आतल्या बाजूला बसते. बाहेरची साल गुळगुळीत आणि घट्ट, तिच्यातून पाणी फार सावकाश जातं. आतला भाग मात्र ते पटकन शोषतो. आतून फुगलेला बांबू बाहेरच्या सुकलेल्या सालीला ताणतो आणि साल फाटते. नवी बासरी उन्हाळ्यात थोडा थोडा वेळच वाजवावी, वाजवून झाली की काडीला मऊ कापड बांधून आतून पुसावी आणि टिनाच्या छपराखाली किंवा उन्हात कधीही ठेवू नये. माझ्या मते बासरीची निम्मी निगा एवढ्यातच येते.

दोष शोधताना आधी हवामानाचा हिशेब वेगळा काढावा. आवाजाचा वेग १० अंशांना सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, ४५ अंशांना सुमारे ३५८. नळीतली हवाही तेवढीच थंड वा गरम असती, तर सूर पेटीवरच्या एका पट्टीएवढा सरकला असता. श्वासाच्या उबेमुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो, पण पडतोच. पुसाच्या पहाटे बासरी उतरली म्हणून भोकं तासायला बसू नये.

खरी गळती ओळखायची रीत सोपी आहे. बुचाच्या बाजूने सुरुवात करून एकेक भोक बंद करत खाली यावं. ज्या भोकावर बोट ठेवताच सूर फाटतो, तिथे बोट नीट बसत नसेल, नाहीतर त्या भोकापासून पुढच्या भोकापर्यंतच्या भागात चीर असेल. सगळी भोकं आणि खालचं टोक दाबून फुंकरीच्या भोकातून हवा ओढावी. नळी शाबूत असेल तर ती ओठाला चिकटते.

केसासारखी चीर असेल तर पातळ सुपरग्लू आत झिरपू द्यावा. रुंद चिरेत बांबूचा बारीक भुसा भरून त्यावर तोच ग्लू सोडावा. ऐन पावसाळ्यात फुगून मिटलेली चीर चिकटवली तर उन्हाळ्यात शेजारी दुसरी उघडण्याचा धोका असतो. धानाच्या कापणीचे दिवस, ना फार दमट ना फार कोरडे, हे काम करायला बरे.

त्यानंतर बांधणी. मेण लावलेला नायलॉनचा दोरा घ्यावा, त्याचा फास नळीवर आडवा न ठेवता लांबीत ठेवावा, त्यावरून वेढ्याला वेढा चिकटवत साधारण एक सेंटिमीटर रुंद पट्टा गुंडाळावा. शेवटचं टोक फासातून ओवून फास वेढ्यांखाली खेचला की गाठ मारावी लागत नाही. नव्या बासरीलाही पहिल्या उन्हाळ्याआधी दोन्ही टोकांना, फुंकरीच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना आणि भोकांच्या अधेमधे असे पट्टे बांधून घ्यावेत.

तेलाबद्दल माझा कौल जवसाला. धान निघाल्यावर बांधीतल्या ओलीवर या भागात लाखोरीसारखंच जवसही घेतात, त्यामुळे घाणीचं तेल दूर शोधावं लागत नाही. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि पाणी आत-बाहेर जाण्याची गती मंदावते. मोहरीचं तेल तसं सुकत नाही. आतून अगदी पातळ हात फिरवून काही दिवस सुकू द्यावं. रंगाच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ तेल मात्र नको. त्यात सुकवण्यासाठी धातूंचे क्षार असतात आणि हे वाद्य ओठाला लागतं. तेलाचा बोळाही चुरगळून टाकू नये. सुकताना तो तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून पसरून वाळवावा.

बँड पथकातल्या धातूच्या फ्लूटचा प्रश्न निराळा. टेओबाल्ड ब्योमने १८४७ मध्ये नळकांड्याच्या आकाराची, चाव्यांची फ्लूट घडवली. तिथे गळती होते ती चाव्यांखालच्या गाद्यांतून. पातळ कागदाची पट्टी गादीखाली धरून ओढावी; ती सैल सुटली तर गादी बसत नाही. पिकोलो, म्हणजे छोटी फ्लूट, लाकडाचा असेल, तर तो मात्र बांबूसारखाच तडकतो.

बुचाची जागा सहसा हलवू नये. फ्लूटमध्ये बूच फुंकरीच्या भोकाच्या मध्यापासून सुमारे १७ मिलिमीटरवर असतं. बासरीतही ते अंतर बिघडलं की खालचं आणि वरचं सप्तक एकमेकांशी जुळत नाहीत.

फुंकरीच्या भोकाची धारच फाटली, तर बासरी फुंकीला पहिल्यासारखी येत नाही. तरीही ती जपून ठेवावी. तिचा आतला व्यास, भिंतीची जाडी आणि भोकांची अंतरं मोजून घेतली, की तेवढ्याच पोकळीच्या नव्या बांबूवर पहिल्या खुणा करता येतात. पुढे भोकं लहान ठेवून सुरुवात करावी आणि कानाने ऐकत वाढवत न्यावीत.